कायद्याची मुभा आणि मनाची मनाई

संक्रांत जवळ आली की सोलापूरकराचे मन आपोआप तळ्याकाठी जाऊ लागते. सातही नंदीध्वजांच्या काठ्या सजू लागतात, पेटीच्या तळाशी घडी घालून ठेवलेली पांढरी बाराबंदी बाहेर निघते, अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाची तयारी चालते, आणि संमती कट्ट्यावरील अक्षतांसाठी परगावी गेलेली लेकरेही घराकडे परततात. पुढे होम मैदानावर गड्डा भरतो आणि एका रात्री शोभेचे दारूकाम होते. आपल्या भाषेने एकाच शब्दात दोन पदार्थ बसविले आहेत. त्यांतील एक आकाशात जळतो आणि लहान मुले टाळ्या वाजवितात. दुसऱ्याविषयी सणाच्या पानावर लिहावे की न लिहावे, हा प्रश्न मला पडला होता. परंतु यात्रेच्या या दिवसांतच एक तारीख अशी येते की जी सोलापूरकरास हा विषय टाळू देत नाही.

ती तारीख म्हणजे १२ जानेवारी. १९३१ साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे फासावर गेले. 'चार पुतळ्यां'पाशी हार घालणाऱ्या आजच्या तरुणास विचारले, तर मार्शल लॉची हकीकत त्याला बहुधा सांगता येईल; परंतु त्या साऱ्या वणव्याच्या आरंभी शिंदीची झाडे होती, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ८ मे १९३० रोजी लोकांचा जमाव रूपाभवानीच्या बाजूस शिंदीची झाडे तोडावयास गेला. पोलिसांनी काहींना पकडले, लोकांनी त्यांच्या सुटकेचा आग्रह धरला, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण पडला. पुढे पोलीस चौकी जळाली, न्यायालय जळाले, दोन पोलीस मारले गेले, सरकारी सत्ता काही दिवस शहरातून नाहीशी झाली आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. ज्या चौघांना फाशी झाली, त्यांत 'गझनफर' हे पत्र चालविणारा कुर्बान हुसेन होता.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. ती शिंदी बेकायदेशीर नव्हती. अबकारी खात्याच्या रीतसर परवान्याने ती विकली जात होती, तिचा महसूल सरकारच्या तिजोरीत जमा होत होता. कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरला तो झाडावर कुऱ्हाड चालविणारा. गांधीजींनी १९३० च्या जानेवारीत व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतही संपूर्ण दारूबंदी पहिल्याच क्रमांकावर होती. सरकारने जे चालविले ते चालविण्याजोगे आहेच असे नाही, हे त्या पिढीतील हिंदूस जसे उमगले होते तसे मुसलमानासही. मुसलमानास ते समजावून सांगण्याची तर गरजच नव्हती. त्याच्या धर्मशास्त्राने तो प्रश्न तेरा शतकांपूर्वी निकालात काढलेला होता.

माझे वडील येथील एका गिरणीत कामगार होते. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर बायका उभ्या राहत. नवरा बाहेर येताच पगाराचे पाकीट हाती घ्यावयाचे, नाही तर वाटेतील गुत्ता ते आधी घेई. माझी आई मात्र कधी फाटकाशी उभी राहिली नाही. वडिलांच्या शेजारच्या मागावर एक मोमीन गृहस्थ होते. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. वडील आपले पाकीट चाचांच्या हाती देत आणि चाचा ते आमच्या घरी आणून देत. "भाभी, गिन लो," एवढेच दारात उभे राहून म्हणत. असे तीन-चार घरांचे पगार त्यांच्या खिशात असत. वडील स्वतःला ओळखून होते, आणि चाचांनाही ओळखून होते. गुत्त्यासमोरून चालत जाऊनही जो आत वळणार नाही असा मनुष्य त्यांच्या खात्यात त्यांना एवढाच ठाऊक होता. गुत्ता परवान्याचा होता, आत जाण्यास कोणाचीच मनाई नव्हती. चाचांची मनाई कोठून येत असे, याचा विचार मी पुष्कळ वर्षांनी केला.

कुराणात ही बंदी एकदम आलेली नाही. 'बकरा' या अध्यायात मद्य व जुगार यांत काही लाभ असला तरी पाप त्याहून मोठे आहे, असा अभिप्राय येतो. नंतर 'निसा' अध्यायात नशेच्या अवस्थेत नमाजाजवळ जाऊ नये, असे सांगितले आहे. पाच वेळा नमाज असलेल्या माणसाचा पिण्याचा अवकाश तेवढ्यानेच किती आकुंचित झाला असेल, ते पाहावे. शेवटी 'मायदा' अध्यायात मद्य हे सैतानाचे कृत्य ठरवून त्यापासून दूर राहण्याची आज्ञा येते. ती आज्ञा मदिनेत पोहोचली तेव्हा लोकांनी घरातील घडे रिकामे केले आणि गल्ल्यांतून मद्य वाहिले, असे हदीस-ग्रंथ सांगतात. व्यसन कसे सोडवावे याची जाण असलेल्या वैद्याचा हा क्रम आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. वैद्य एकाच दिवशी सगळे पथ्य सांगत नाही.

यावर शास्त्रकारांनी जो डोलारा उभारला तो मोठा सूक्ष्म आहे. जे जे मादक ते ते मद्य, आणि ज्याचे पुष्कळ प्रमाण नशा आणते त्याचा थेंबही वर्ज्य, हे त्यांचे मुख्य सूत्र होय. आपल्या महाराष्ट्रातील बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे आणि कोकणातील बरेचसे शाफई पंथाचे. हनफी पंथाचे आद्य आचार्य इमाम अबू हनीफा यांनी द्राक्षांचे मद्य आणि इतर धान्य-फळांची पेये यांत फरक केला होता. परंतु त्यांचेच शिष्य इमाम मुहंमद यांनी सर्व मादक पेये सरसकट निषिद्ध मानली, आणि पुढे हनफी मुफ्तींनी निर्णय दिला तो या शिष्याच्या मताप्रमाणे. गुरूचे मत सोडून शिष्याचे स्वीकारण्यास शास्त्रकार कचरले नाहीत. आपण सूत्रभाष्यांतील असे मतभेद पिढ्यान् पिढ्या जपतो खरे, पण व्यवहारात कोणते धरावे हे ठरविण्याची वेळ आली की मौन पाळतो!

शिवाय निषेध केवळ पिणाऱ्याचा नाही. मद्य गाळणारा, गाळवून घेणारा, वाहून नेणारा, ज्याच्याकडे नेले जाते तो, वाढणारा, विकणारा, विकत घेणारा, त्याची किंमत खाणारा, अशी दहा जणांची गणना हदीसमध्ये आहे. म्हणूनच एखाद्या मुसलमान तरुणास परमिट रूमच्या हॉटेलात नोकरी मिळाली तर तो मौलवींना विचारावयास जातो. सरकारने परवाना दिलेला आहे, पगाराची पावती मिळते, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. तरीही त्याचा प्रश्न शिल्लकच असतो.

आता आमचा कायदा पाहा. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. पुढे त्याच्या नावातील मुंबई जाऊन महाराष्ट्र आले, पण 'दारूबंदी' हा शब्द मात्र आजही कायम आहे! दारूबंदीच्या या कायद्याखाली दारू विकण्याचे व पिण्याचे परवाने मिळतात. बीअर व वाइन यांसाठी वयाची २१ वर्षे आणि इतर मद्यांसाठी २५ वर्षे पूर्ण असली की मनुष्य पात्र होतो. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांची बंदी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगितले आहे. आणि वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत बंदी आहेही. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. एकच बाटली २०१४ साली तेथे वैध होती, २०१६ साली अवैध झाली आणि आज पुन्हा वैध आहे. बाटलीत काही बदल झाला काय? शरीअतीच्या दृष्टीने या तिन्ही वेळी ती हरामच होती. नागरी कायद्याने एखाद्या गोष्टीस मुभा दिली म्हणजे ती करण्याची सक्ती केली असे होत नाही. सक्ती नाही तेथे निषिद्ध ते निषिद्धच राहते. मुफ्तींचा युक्तिवाद एवढा साधा आहे, आणि त्यात तर्काचा दोष काढणे मला तरी जमलेले नाही.

याहून नवलाची गोष्ट अशी की या निषेधामागे आज आपल्या देशात कोणतीही शिक्षा उभी नाही. शास्त्रात मद्यपानास शाफई मते चाळीस आणि हनफी मते ऐंशी फटके सांगितले आहेत. परंतु इस्लामी फौजदारी कायदा आपल्या इलाख्यातून १८२७ च्या रेग्युलेशनांनी आणि पुढे सर्व देशातून १८६० च्या दंडसंहितेने गेला. १९३७ चा शरीअत अधिनियम विवाह, वारसा अशा बाबींपुरता आहे. मद्याचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे चाचांना गुत्त्यात जाण्यापासून अडविणारा जगात कोणी शिपाई नव्हता.

आणि जेव्हा शिपाई होता तेव्हा काय झाले, याचीही साक्ष इतिहासात आहे. औरंगजेबाने राज्यावर येताच मुहतसिब नेमून मद्य व भांग यांवर बंदी घातली. हाच बादशहा पुढे १६९५ पासून चार वर्षे आपल्या जिल्ह्यात, भीमेकाठी माचणूरजवळ ब्रह्मपुरीस छावणी टाकून बसला होता. त्याच्या दरबाराच्या आठवणी लिहून ठेवणारा इटालियन प्रवासी मनुची सांगतो की, सबंध हिंदुस्थानात न पिणारे दोघेच, एक मी आणि दुसरा मुख्य काजी, असे बादशहा म्हणे. मनुची पुढे लिहितो की काजीबाबत मात्र बादशहाची चूक होत होती, कारण त्या काजीस रोज एक बाटली गुपचूप तो स्वतःच पाठवीत असे. मनुची हा तिखटमीठ लावणारा लेखक खरा. पण गोष्ट खोटी वाटत नाही, हेच तिचे मर्म.

सोलापूरच्या मातीला हा प्रश्न दुसऱ्या वाटेनेही भिडतो. आपला जिल्हा द्राक्षांचा व बेदाण्याचा, ज्वारीचा आणि उसाचा. तिन्हींपासून मद्य होते. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय केला, तेव्हा त्याच्या बाजूने द्राक्ष बागायतदारांचे हित पुढे करण्यात आले. अण्णा हजाऱ्यांसह अनेकांनी विरोध केला आणि तो निर्णय अमलात आला नाही. जो मद्य करणार आहे त्यास द्राक्षांचा रस विकावा काय, याचा खल हनफी ग्रंथांत फार पूर्वीच होऊन गेला आहे. अबू हनीफा म्हणाले, विकणाऱ्याने रस विकला, पाप करणाराने केले, सबब विक्री वैध. त्यांच्या दोघा शिष्यांना ते रुचले नाही. हनबली पंथाने तर अशी विक्री निषिद्धच ठरविली. बागेचे कर्ज फेडावयाचे आहे आणि वाइनरीचा दलाल दारात उभा आहे, अशा शेतकऱ्याची ओढाताण त्या ग्रंथकारांनी ओळखली होती. आपल्याकडे मळी आसवनीकडे जाते तेव्हा साखर कारखान्याच्या सभासदाच्या मनात असा प्रश्न कधी उठतो काय? मीही सभासद आहे आणि मी तो कधी विचारला नाही, हे येथे कबूल केलेले बरे.

भांगेची गोष्ट आणखी मजेची. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने गांजा व चरस यांना गुन्हा ठरविले, परंतु शेंड्यांवाचूनची पाने आणि बिया व्याख्येबाहेर ठेवल्या. त्यामुळे काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकाने आजही आहेत. महाराष्ट्रात तिला परवाना लागतो. कुराणात भांगेचे नाव नाही. तरीही चौदाव्या शतकात इब्न तैमिया यांनी हशीशास मद्याच्याच पंक्तीस बसविले आणि जर्कशी यांनी त्याविषयी स्वतंत्र प्रबंध लिहिला. हनफींनी वनस्पतिजन्य पदार्थांत मद्याइतकी कठोरता ठेवली नाही, नशेपुरते मात्र ते निषिद्ध मानले. महाशिवरात्रीस 'शंकराचा प्रसाद' म्हणून लोटा पुढे करणाऱ्या आपल्या मित्रांनी ही वर्गवारी एकदा वाचावी. हलाहल प्राशन केलेल्या देवाची बरोबरी करावयाची तर तेही घोटून पाहावे!

सर्वच नव्या पदार्थांवर शास्त्रकार तुटून पडले असेही नाही. १५११ साली मक्केच्या अधिकाऱ्याने कॉफी बंद केली, पण ती बंदी टिकली नाही. नशा होत नाही असे दिसल्यावर कॉफी सुटली. तंबाखूचा निकाल मात्र अद्याप लागलेला नाही. अकबराच्या दरबारात ती नेली असद बेगने, आणि त्याने ती पाहिली आपल्या शेजारच्या विजापुरात. हकिमांनी विरोध केला, बादशहाने दोन झुरके घेतले. पुढे १६१७ साली जहांगिराने तिला बंदी केली, आणि हा जहांगीर स्वतः मद्यात बुडालेला! तंबाखू कोणी केवळ अनुज्ञेय म्हणतात, कोणी मकरूह म्हणजे नापसंत म्हणतात, आणि कर्करोगाचे ज्ञान वाढल्यापासून तिला हराम म्हणणारेही पुष्कळ झाले आहेत. ज्या शहरात हजारो बायकांची चूल विड्या वळण्यावर पेटते त्या शहरात हा प्रश्न हलका नाही. चाचा स्वतः विडी ओढीत. त्यांना छेडले की डोळे मिचकावून "मकरूह है, मकरूह" म्हणत आणि विडी पाठीमागे लपवीत.

आता कोणी म्हणेल, आम्हांस हे परक्यांचे शास्त्र कशाला? आमच्या मनूने सुरापानास महापातकांत गणले आहे. कचाची राख मद्यातून पोटात गेली तेव्हा शुक्राचार्यांनी मद्याला शाप दिला. प्रभासक्षेत्री यादवकुळाचा नाश झाला तोही मद्याच्या धुंदीत. हे सारे खरे. परंतु आपला निषेध सर्वांस सारखा कधीच नव्हता. तो वर्णाप्रमाणे, संप्रदायाप्रमाणे, घराण्याच्या कुळधर्माप्रमाणे बदलत आला. कित्येक ग्रामदैवतांना आजही मद्याचा नैवेद्य असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्यात चाचांच्या जोडीस बसेल असा एकच मनुष्य आहे, आणि तो म्हणजे पंढरीचा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ पडली की दारूच्या दुकानाचा परवाना, सवलत, वेळ यांपैकी काहीही त्याच्यापुरते उरत नाही.

"आमच्यात चालत नाही." या तीन शब्दांचे सामर्थ्य मी अलीकडे ओळखू लागलो आहे. कंपनीच्या मेजवानीत मुसलमान तरुण हे म्हणतो आणि विषय संपतो. माळकरी म्हणतो आणि विषय संपतो. आमच्यासारख्या घरातील मुलास मात्र वैद्यकीय कारण शोधावे लागते. नकार देण्यास ज्याला प्रत्येक वेळी नवा युक्तिवाद करावा लागतो तो एके दिवशी युक्तिवादात हरतो. माझा धाकटा भाऊ असाच हरला. त्याने कधी हातभट्टीची घेतली नाही, परवान्याच्या दुकानातील घेतली. शेवटच्या दिवशीही त्याच्या खिशात पावती होती. त्याच्या यकृताने हातभट्टी आणि परवाना यांत भेद केला नाही. वय ४३. पोलिसांत नोंदवावे असे काहीच घडले नव्हते.

म्हणून यात्रेच्या दिवसांत दुकाने बंद ठेवावीत एवढ्या मागणीवर मी समाधान मानू शकत नाही. आषाढी एकादशीस दुकाने बंद असतात आणि आदल्या संध्याकाळी त्यांच्यापुढे रांगा लागतात, हे आपण पाहतोच. श्रावण पाळावयाचा म्हणून आषाढातील अमावास्या 'गटारी' करणारे आपण. रमझानचा महिना सोडून अकरा महिने पिणारे त्यांच्यातही आहेत. पिणाऱ्याचा नमाज चाळीस दिवस रुजू होत नाही, हे ऐकून काही जण नमाजच सोडून देतात, आणि मग मौलवींना समजावून सांगावे लागते की नमाजाचे कर्तव्य सुटत नाही. नियम सर्वांना तारतो असा माझा दावा नाही. माझे म्हणणे घरांपुरते आहे. कुळधर्म आपण घरी ठरवितो, कोणते व्रत उचलावे हे घरी ठरवितो, घरच्या काठीस मानाने खांदा कोणी द्यावा हेही घरीच ठरते. तसे हेही या संक्रांतीस ठरवावे, आणि बाराबंदी घालणाऱ्या मुलास ते तीन शब्द द्यावेत. गावात वा प्रभागात निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी बाटली आडवी केली तर परवान्याचे दुकानही बंद होते, अशी सोय कायद्याने ठेवली आहेच. परंतु ते मत टाकण्यापूर्वी स्वतःच्या घरातली बाटली आडवी झालेली असावी.

चाचांच्या उतारवयात त्यांचा थोरला मुलगा पिऊ लागला. वडिलांनी तोवर दारू सोडली होती. कशी सोडली ती कथा निराळी. दोघे म्हातारे संक्रांतीच्या दिवशी आमच्या ओट्यावर बसले होते, आईने तिळगुळाची वाटी पुढे ठेवली होती. मुलाने घरात धिंगाणा घातला तर पोलिसांत का देत नाही, असे वडिलांनी विचारले. चाचांनी वाटीतील एक हलव्याचा दाणा उचलला, तो बराच वेळ बोटांत फिरविला आणि म्हणाले, "भाऊ, पीने के वास्ते पोलीस क्या पकडेगी? दुकान सरकार का, परवाना सरकार का. उसने कानून कहाँ तोडा?" वडील काही बोलले नाहीत. आईने आतून आणखी तिळगूळ आणला आणि चाचांच्या घरच्यांसाठी कागदात बांधून दिला.